राजा दुभाष्या झाला तेव्हा

दुभाष्याच्या कामात सगळ्यात आधी शिकवतात तो 'मी'चा नियम. पेशंट म्हणाला, "माझ्या छातीत दुखतंय," तर डॉक्टरांना "यांच्या छातीत दुखतंय" असं सांगायचं नाही. "माझ्या छातीत दुखतंय" असंच सांगायचं. डॉक्टर म्हणाले, "मला वाईट वाटतं," की आपणही म्हणायचं, "मला वाईट वाटतं." दुसरा नियम असा की खोलीत जे बोललं जाईल ते सगळं पलीकडे पोचवायचं. गाळायचं नाही, पदरचं घालायचं नाही.

मी इंग्लंडच्या उत्तरेला, न्यूकॅसलच्या आसपासच्या दवाखान्यांत हे काम करते. बहुतेक वेळा हिंदीचं. मराठीचं बोलावणं क्वचित येतं, मुलाकडे येऊन राहिलेल्या एखाद्या आजींसाठी. गेल्या हिवाळ्यात अशाच एक आजी होत्या, सातारकडच्या. डॉक्टरांनी त्यांना सांगितलं की यापुढची काळजी 'पॅलिएटिव्ह' असेल. या शब्दाला मराठीत एक शब्द सांगा, म्हणून माझ्याकडे कुणी बघितलं तर मी आजही गप्प बसेन. मी म्हटलं, "आजी, आता आराम पडेल असं औषध." त्या बघत राहिल्या. मी म्हटलं, "दुखू देणार नाहीत." तरी बघत राहिल्या. मग मी म्हटलं, "बरं करणारं औषध नाही आजी, पण सुखानं ठेवणारं आहे." तेव्हा त्यांनी मान हलवली. एका शब्दाला तीन वाक्यं लागली, आणि तिसरं वाक्य बोलताना माझा आवाज माझ्या ताब्यात नव्हता.

त्या दिवशी पुढच्या कामाला दोन तास होते. मी जॅरोला सेंट पॉलच्या चर्चमध्ये जाऊन बसले. नदीकाठी, कारखान्यांच्या आणि तेलाच्या टाक्यांच्या शेजारी उभी असलेली ही जुनी वास्तू. आतल्या कमानीवर एक दगड बसवलेला आहे. त्यावर लॅटिनमध्ये कोरलेली अर्पणाची तारीख आहे, २३ एप्रिल ६८५. बीड नावाचा मठवासी याच मठात वाढला. सात वर्षांचा असताना घरच्यांनी त्याला जवळच्याच वेअरमथच्या मठात आणून सोडलं, पुढे तो इथे आला आणि जन्मभर इथेच राहिला. इंग्लिश लोकांत ख्रिस्ती धर्म कसा आला, याचा इतिहास त्याने ७३१ साली पुरा केला. त्या इतिहासात एक वाक्य आहे. ते मी आधीही वाचलं होतं, पण आजींच्या खोलीतून आल्यावर ते मला नव्याने दिसलं.

बिशप आयडन याला इंग्लिश नीट येत नसे. तो प्रवचन करी तेव्हा राजा ओस्वाल्ड स्वतः आपल्या सरदारांना आणि चाकरांना त्याचा अर्थ सांगत असे. वनवासाच्या लांब काळात राजा आयरिश भाषा चांगली शिकला होता. आणि बीड लिहितो की ते दृश्य फार सुंदर होतं.

एरवी बीड तोलून मापून लिहिणारा माणूस. त्याला सुंदर वाटलं ते दृश्य म्हणजे काय, तर एक राजा दुसऱ्याची वाक्यं आपल्या तोंडाने बोलतो आहे.

ओस्वाल्डला ही भाषा कशी आली ती हकिगत दुःखाची आहे. ६१६ साली त्याचा बाप, उत्तर इंग्लंडातल्या नॉर्थम्ब्रियाचा राजा, लढाईत मारला गेला. त्याचा प्रतिस्पर्धी एडविन गादीवर बसला आणि मुलांना पळावं लागलं. ओस्वाल्ड तेव्हा बारा वर्षांच्या आतबाहेरचा असेल. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर आयरिश बोलणाऱ्यांचं राज्य होतं, तिथे त्याला आसरा मिळाला. तिथल्याच सागरात आयोना नावाचं लहानसं बेट आहे. ५६३ साली आयर्लंडहून आलेल्या कोलंबाने तिथे मठ उभारला होता. या पोरक्या राजपुत्राचा बाप्तिस्मा त्या लोकांत झाला. बारा वर्षांच्या मुलाने परक्या घरात भाषा उचलायची ती शब्दकोशातून नाही. जेवायला काय मागायचं, रागावलेल्याला काय म्हणायचं, रात्री भीती वाटली तर कुणाला हाक मारायची, असं करतच ती अंगात मुरते. सतराएक वर्षांनी एडविन पडल्यावर तो फौज घेऊन परतला. हेक्सहॅमजवळच्या लढाईच्या आधी त्याने घाईघाईने एक लाकडी क्रूस उभा केला. खड्ड्यात माती भरून होईपर्यंत तो क्रूस त्याने स्वतःच्या दोन्ही हातांनी धरून ठेवला होता. लढाई जिंकली, राज्य मिळालं, आणि त्याने आयोनाला निरोप धाडला की आम्हाला बिशप पाठवा.

आयोनाने पहिला जो माणूस पाठवला तो परत आला. बीडने त्याचं नाव दिलेलं नाही, स्वभाव कडक होता एवढंच सांगितलं आहे. मठाच्या सभेत त्याने तक्रार केली की तिथले लोक हटवादी, रानटी आहेत, काही ऐकून घेत नाहीत. सभा विचारात पडली. तेव्हा तिथे बसलेला आयडन त्याला म्हणाला, "भाऊ, मला वाटतं तू त्या अडाणी श्रोत्यांशी जरा जास्तच कठोर वागलास. प्रेषितांनी सांगितल्याप्रमाणे आधी सौम्य शिकवणुकीचं दूध द्यायचं होतंस." सगळ्या माना आयडनकडे वळल्या. ज्याने हे सुचवलं त्यालाच पाठवायचं ठरलं.

या प्रसंगात मला त्या पहिल्या माणसाची दया येते. परक्या भाषेत तो महिनोन् महिने बोलला असेल आणि समोरचे नुसते बघत राहिले असतील. ते बघणं मला ठाऊक आहे. अशा वेळी दोनच वाटा असतात. एक तर समोरच्याला हटवादी म्हणायचं, नाहीतर वाक्य मोडून दुसरं वाक्य करून बघायचं. दुसऱ्या वाटेला धीर लागतो आणि तो सगळ्यांकडे असतोच असं नाही.

या बाबतीत रोमकडून आलेल्यांची गोष्टही वेगळी नव्हती. पोप ग्रेगरीने ऑगस्टीन नावाच्या मठवाशाला सोबत्यांसह दक्षिणेत केंटला पाठवलं, ते ५९७ साली पोचले. पण वाटेत ती मंडळी घाबरून थबकली होती. रानटी, क्रूर, आणि ज्यांची भाषासुद्धा आपल्याला येत नाही अशा लोकांत कशाला जायचं, असं त्यांना वाटलं, आणि त्यांनी ऑगस्टीनला माघारी पाठवून पोपची विनवणी केली. ग्रेगरीने त्यांना पुन्हा मार्गी लावलं, आणि बरोबर फ्रँक लोकांतले दुभाषे दिले. धर्मप्रसाराच्या इतिहासात त्या दुभाष्यांचा उल्लेख एका शब्दाचा. नावं नाहीत. ते केंटच्या राजापुढे काय बोलले, कुठे अडखळले, कोणत्या शब्दावर राजाच्या कपाळाला आठी पडली, काहीच उरलेलं नाही.

म्हणून मला ओस्वाल्ड महत्त्वाचा वाटतो. त्याचं नाव उरलं आहे.

आयडन ६३५ साली आला. त्याने मागितलेली जागा राजाने त्याला दिली, लिंडिसफार्न. बँबराच्या राजवाड्यावरून हे बेट समोर दिसतं. दिवसातून दोनदा भरती येते आणि त्याचं बेट होतं, ओहोटी लागली की वाळूतून पायवाट उघडी पडते. मी त्या वाळूतून चालत गेले आहे. वाट दाखवायला उंच खांब रोवलेले आहेत. पाय घोट्यापर्यंत गार चिखलात जातात आणि दूर वाळूच्या पट्ट्यावरून सीलचा आवाज येतो, कुणी म्हातारं माणूस झोपेत कण्हतं तसा. अर्ध्या वाटेवर असताना मला वाटलं, या जागेची निवड करणारा माणूस लोकांच्या मधोमध राहण्याचं आणि एकट्याने राहण्याचं, दोन्हीचं मोल जाणत असला पाहिजे.

राजवाड्यात ते प्रवचन कसं झालं असेल हे मी मनाशी पुष्कळदा रचून बघते. लाकडी दिवाणखाना, मधोमध शेकोटी, बाकांवर तलवारी बाळगणारे सरदार. आयडन आयरिशमध्ये दोन वाक्यं बोलून थांबतो. राजा ती इंग्लिशमध्ये सांगतो. त्या थांबण्यात काय चालत असेल! 'प्रभू' कसं म्हणायचं? जुन्या इंग्लिशमध्ये त्यासाठी 'ड्रिख्टेन' हा शब्द रुळला. त्याचा अर्थ लढवय्यांच्या टोळीचा धनी. मीठ खाल्लं त्याच्यासाठी जीव द्यायचा, तो धनी. येशूची कथा सांगणारं जे पुस्तक, त्या शुभवर्तमानाला शब्द झाला 'गॉडस्पेल', चांगली वार्ता. मराठी ख्रिस्ती माणसाने 'शुभवर्तमान' म्हणताना जी जोडणी केली तीच. हे शब्द ओस्वाल्डनेच घडवले असं मी म्हणत नाही. पण असे शब्द कुणाच्या तरी तोंडी पहिल्यांदा आले असणार, आणि त्याच्याआधी तो क्षणभर अडला असणार.

इथे मला एक गोष्ट टोचतेही. राजाच दुभाष्या असेल तर ऐकणाऱ्याला 'नाही' म्हणायची सोय कितीशी? बिशपाचं वाक्य राजाच्या तोंडून आलं की ते हुकमासारखं ऐकू येणार. त्या काळात राजा ज्या देवाचा, त्याच देवाची प्रजा, हे सर्रास चालायचं, आणि राजा पडला की लोक जुन्या देवांकडे परतायचे. केवळ राजवाड्यातल्या प्रवचनांवर हे काम उभं असतं तर ओस्वाल्डबरोबरच संपलं असतं. ६४२ साली ५ ऑगस्टला शेजारच्या मर्सिया राज्याच्या पेंडा राजाने त्याला लढाईत मारलं. तो तेव्हा ३८ वर्षांचा होता. काम मात्र संपलं नाही, कारण मधल्या सात वर्षांत आयडन राजवाड्याबाहेरच जास्त राहिला.

तो पायी हिंडायचा. गावातून असो की रानातून, अगदीच गरज पडल्याशिवाय घोड्यावर बसायचा नाही. वाटेत जो भेटेल, श्रीमंत असो वा गरीब, त्याच्याकडे वळून बोलायचा. घोड्यावरच्या माणसाला बोलण्यासाठी उतरावं लागतं. चालणारा आधीच समोरच्याच्या उंचीवर असतो. राजाकडे जेवायला बोलावलं तर एखाददुसऱ्याला घेऊन जायचा, थोडंसं खाऊन लवकर उठायचा. श्रीमंतांनी दिलेला पैसा गरिबांना वाटायचा, किंवा अन्यायाने विकल्या गेलेल्या गुलामांना सोडवायला खर्चायचा. सोडवलेल्यांपैकी कित्येक पुढे त्याचे शिष्य झाले, शिकले, धर्मगुरू झाले. बारा इंग्लिश मुलंही त्याने शिकवायला घेतली होती. एक भाषा येणाऱ्यांच्या देशात दोन भाषा येणारी पोरं तयार होत होती. माझ्या मते आयडनचं सगळ्यात मोठं काम हेच.

आता ती घोड्याची गोष्ट. ओस्वाल्डनंतर नॉर्थम्ब्रियाचे दोन भाग झाले. उत्तरेला त्याचा भाऊ ओस्वी, आणि दक्षिणेला डीरा प्रांतात ओस्विन. ओस्विन उंच, देखणा, गोड बोलणारा. नद्या ओलांडायला आणि निकडीच्या वेळी उपयोगी पडावा म्हणून त्याने आयडनला एक उत्तम घोडा दिला, राजेशाही साजासकट. थोड्याच दिवसांनी वाटेत एका भिकाऱ्याने हात पसरला. आयडन खाली उतरला आणि साजासकट घोडा त्याला देऊन टाकला. राजाला कळलं. जेवायला जाताना तो म्हणाला, तुमच्यासाठी खास निवडलेला घोडा तुम्ही भिकाऱ्याला कसा दिलात? द्यायला हलके घोडे आपल्याकडे थोडे होते का? आयडन म्हणाला, "राजा, हे काय बोलतोस? त्या घोडीच्या पोरापेक्षा हे देवाचं पोर तुला कमी मोलाचं वाटतं?"

दोघं आत गेले. बिशप आपल्या जागी बसला. राजा शिकारीहून आलेला, तो आपल्या माणसांबरोबर शेकोटीपाशी शेकत उभा राहिला. शेकता शेकता त्याला ते वाक्य आठवलं. त्याने कमरेची तलवार काढून चाकराकडे दिली, तरातरा येऊन बिशपच्या पायाशी बसला आणि म्हणाला, "मला क्षमा करा. देवाच्या पोरांना आमच्या संपत्तीतलं काय आणि किती द्यायचं, याबद्दल मी पुन्हा बोलणार नाही." आयडन दचकला. त्याने राजाला उठवलं, जेवायला बसा म्हणाला. राजाचा चेहरा खुलला. आणि आयडनच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

शेजारच्या धर्मगुरूने त्याला आयरिशमध्ये विचारलं, का रडता? बीडने इथे मुद्दाम लिहून ठेवलं आहे की ती भाषा राजाला आणि त्याच्या लोकांना येत नव्हती. आयडन म्हणाला, "हा राजा फार दिवस जगणार नाही. इतका नम्र राजा मी आजवर पाहिला नाही. या लोकांची असा राजा मिळण्याची योग्यता नाही."

तोवर आयडनला इंग्लिश बोलता यायला लागलं असणार. घोडीच्या पोराचं ते झणझणीत वाक्य त्याने राजाला सुनावलंच होतं. पण रडू आलं ते आईच्या भाषेत. आणि या वेळी त्या दिवाणखान्यात ओस्वाल्ड नव्हता. राजा समोर बसून आनंदाने जेवत होता आणि त्याच्या मरणाची गोष्ट त्याच्यासमोर, मोठ्याने, न कळणाऱ्या शब्दांत चालली होती.

त्या आजींनीही असंच केलं होतं. डॉक्टर कागदांत बघत असताना त्यांनी माझं मनगट धरलं आणि हळूच म्हणाल्या, "पोराला आत्ता नको सांगूस बाई. त्याची परीक्षा आहे." पोर म्हणजे नातू, तोच त्यांना घेऊन आला होता आणि बाहेर बसला होता. डॉक्टरांनी मान वर करून विचारलं, काय म्हणाल्या? नियमाप्रमाणे मी सांगितलं, 'मी' लावून सांगितलं: "माझ्या नातवाला आत्ता सांगू नका." डॉक्टर म्हणाले, "तुम्ही म्हणाल तसं." नियम बरोबर होता आणि झालंही बरंच झालं. पण मनगटावरची त्यांची बोटं क्षणभर घट्ट झाली ती मला जाणवली. त्यांनी ते मला सांगितलं होतं, खोलीला नाही.

आयडनच्या शेजारचा तो धर्मगुरू ते ऐकून गप्प राहिला. पण ते शब्द ऐंशी वर्षांनी बीडपर्यंत पोचले, म्हणजे पुढे कधीतरी त्याने ते कुणालातरी सांगितलेच असणार. ओस्विन मेल्यावर सांगितले असतील. त्यासाठी फार थांबावं लागलं नाही. ओस्वीने त्याच्यावर चाल केली. आपली फौज अपुरी आहे हे बघून ओस्विनने माणसं घरी पाठवली आणि एका विश्वासू सरदारासह मित्राच्या घरी लपला. मित्राने दगा दिला. २० ऑगस्ट ६५१ ला ओस्विनला मारलं. त्यानंतर बाराव्या दिवशी, ३१ ऑगस्टला, आयडन गेला. बँबराजवळ चर्चच्या पश्चिमेच्या भिंतीला लागून त्याच्यासाठी राहुटी ठोकली होती. भिंतीला बाहेरून आधार दिलेल्या लाकडी खांबाला टेकून त्याने प्राण सोडला. ते चर्च पुढे दोनदा जळलं, पण तो खांब जळला नाही, असं बीड सांगतो. बँबराच्या आजच्या चर्चमध्ये बाप्तिस्म्याच्या कुंडावर छताला बेचक्याच्या आकाराचं एक काळं लाकूड आहे. तोच तो खांब, अशी तिथली श्रद्धा आहे. मी त्याच्याखाली उभी राहून पुष्कळ वेळ वर बघत होते.

तेरा वर्षांनी, ६६४ साली, विटबीच्या मठात मोठी सभा भरली. ईस्टर, म्हणजे येशूच्या पुनरुत्थानाचा सण, कधी पाळायचा यावर आयोनाची गणना वेगळी, रोमची वेगळी. राजा ओस्वी आयरिश रीतीचा आणि राणी केंटमध्ये, रोमच्या रीतीत वाढलेली, म्हणून राजाचा ईस्टर होऊन गेला तरी राणीचा उपवास चालूच, असंही घडायचं. सभेत आयरिश बाजूने लिंडिसफार्नचा बिशप कोलमन उभा राहिला. दुसऱ्या बाजूचा वडील बिशप परदेशी होता. तो म्हणाला, मी दुभाष्यामार्फत सांगण्यापेक्षा विल्फ्रिड इंग्लिशमध्ये जास्त चांगलं सांगेल. आणि दोन्ही बाजूंचा दुभाष्या कोण? चेड. आयडनच्या मठात शिकलेला. बीड त्याला अतिशय जागरूक दुभाष्या म्हणतो. चेड स्वतः आयरिश रीतीचा होता. आपल्या गुरूची रीत चुकीची ठरते आहे, हे वाक्य आपल्याच तोंडाने, 'मी' लावून, न गाळता त्याने पोचवलं असणार. निकाल रोमच्या बाजूने लागला. कोलमनने आयडनच्या काही अस्थी बरोबर घेतल्या आणि तो निघून गेला. चेडने निर्णय मान्य केला, आपल्या लास्टिंगहॅमच्या मठात गेला आणि त्याच वर्षी साथीत वारला. या माणसाविषयी लिहिणारे ही सभा दोन ओळींत आटोपतात. मला मात्र ते काही तास डोळ्यांपुढून हलत नाहीत.

त्याचा भाऊ चॅड पुढे बिशप झाला आणि आयडनसारखाच पायी हिंडत राहिला. आर्चबिशप थिओडोरने सांगितलं, लांब जायचं असेल तेव्हा घोड्यावर बस. चॅड ऐकेना. तेव्हा थिओडोरने त्याला स्वतःच्या हातांनी उचलून घोड्यावर बसवलं.

बीड ईस्टरच्या वादात पक्का रोमच्या बाजूचा. आयडनची गणना आपल्याला मुळीच मान्य नाही, हे त्याने स्पष्ट लिहिलं. आणि त्याच प्रकरणात आयडनची माया, त्याची शांती, गरिबांविषयीची कळकळ हेही तितक्याच मनापासून लिहिलं. इतिहास लिहिणाऱ्याने खरं ते सांगायचं, असं तो म्हणतो. विरोधी बाजूच्या माणसाचं बोलणं इतक्या चोखपणे पोचवणारा हा माणूस म्हणजे मला आमच्याच धंद्यातला वाटतो.

शेवटी तर तो खरोखर आमच्या धंद्यात आलाच. ७३५ सालच्या मे महिन्यात, जॅरोच्या खोलीत, धाप लागलेली, पाय सुजलेले, आणि तो योहानाच्या शुभवर्तमानाचं इंग्लिश भाषांतर सांगत होता. एक मुलगा लिहून घेत होता. मधेच त्याने आपली लहान पेटी मागवली आणि मठातल्या धर्मगुरूंना तिच्यातल्या चिजा वाटल्या. त्यात रुमाल होते, धूप होता आणि मिरी होती. मलबारच्या वेलीवरची मिरी, किती हातांतून, किती भाषांतून फिरत उत्तर इंग्लंडातल्या त्या पेटीपर्यंत आलेली. संध्याकाळी मुलगा म्हणाला, "गुरुजी, एक वाक्य राहिलंय." बीड म्हणाला, "लिही." ते भाषांतर आज उरलेलं नाही.

जे उरलं आहे ते लिंडिसफार्नचं. आयडनच्या मठात त्याच्या मरणानंतर अर्ध्याएक शतकाने एडफ्रिथ बिशपने चार शुभवर्तमानांचं एक लॅटिन पुस्तक लिहिलं आणि चितारलं. आज ते लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. त्या पानांच्या गालिच्यासारख्या चित्रांसाठी लोक रांगा लावतात. मी त्यातल्या बारीक अक्षरांसाठी थांबते. दहाव्या शतकात ऑल्ड्रेड नावाच्या धर्मगुरूने त्या देखण्या लॅटिन ओळींच्या वर, मिळेल त्या जागेत, प्रत्येक शब्दाचा इंग्लिश अर्थ लिहिला. शुभवर्तमानांचं आज हाती असलेलं सगळ्यात जुनं इंग्लिश भाषांतर ते हेच. मत्तयाच्या पहिल्याच अध्यायात मरीयेची योसेफाशी सोयरीक झाली होती असं येतं. त्या एका लॅटिन शब्दाशी ऑल्ड्रेड अडला. त्याने वर एक इंग्लिश शब्द लिहिला. मग 'किंवा' लिहून दुसरा लिहिला. मग पुन्हा 'किंवा', आणि तिसरा.